गिरणीचा भोंगा आणि मतपेटी: राजकारणातल्या स्मरणरंजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की सोलापुरात दोन आवाज हमखास येतात. एक रिक्षावरच्या कर्ण्याचा आणि दुसरा, "पूर्वीचं सोलापूर राहिलं नाही ओ सर" असं म्हणणाऱ्याचा. पहिल्यावर पक्षाचं चिन्ह असतं, दुसऱ्यावर नसतं. म्हणूनच सगळे पक्ष दुसऱ्याच्या मागे लागतात. मी बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. पार्क चौकाजवळ संध्याकाळी आमची बैठक बसते. माजी विद्यार्थी येतात, दोन-तीन पक्षांचे कार्यकर्ते येतात, पूर्व भागातले एक यंत्रमागवालेही येतात. जुन्या दिवसांची हाक दिल्याने परंपरावादी पक्षाला फायदा होतो की तोटा, यावर तिथे पुन्हापुन्हा वाद होतो. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

स्मरणरंजन म्हणजे काय? जुनी आठवण काढली की झालं का?

नाही. आठवणीत सगळं येतं, रंजनात निवडून येतं. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या स्विस डॉक्टराने घरापासून दूर राहिलेल्या माणसांचं झुरणं हा चक्क एक आजार म्हणून नोंदवला. ‘घरी परतणं’ आणि ‘वेदना’ हे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने त्याला ‘नॉस्टॅल्जिया’ असं नाव दिलं. युरोपात आजही तोच शब्द चालतो. आपला ‘स्मरणरंजन’ हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो मला, कारण त्यात वेदना कमी आणि करमणूक जास्त आहे, हे तो लपवत नाही.

आपल्याकडचं उदाहरण गिरणीचं. जुन्या मिलची सुरुवात १८७७ ची. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या आल्या आणि गाव भोंग्यावर चालू लागलं. आज आठवण निघते ती भोंग्याची, पाळी सुटल्यावरच्या गर्दीची, गणपतीतल्या मेळ्यांची, पगाराच्या दिवशीच्या बाजाराची. छातीत बसणारा कापसाचा धुरळा, बदली कामगाराचं सकाळी गेटवर ताटकळणं आणि काम न मिळता घरी परतणं यांची आठवण सहसा निघत नाही.

इथपर्यंत राजकारण नाही. ‘ते दिवस गेले’ म्हणणारा माणूस नुसता उसासा टाकत असतो. ‘ते दिवस नेले’ असं कुणी म्हणालं की राजकारण सुरू होतं. ‘गेले’ला कर्ता लागत नाही. ‘नेले’ म्हटलं की कुणी नेले, हे सांगावंच लागतं.

परंपरावादी पक्ष म्हणजे भाजपच ना?

आज ठळकपणे तोच. पण तो पहिला नाही आणि एकटाही नाही. १९४८ साली करपात्री महाराजांनी रामराज्य परिषद काढली. १९५९ मध्ये राजाजींचा स्वतंत्र पक्ष आला. खेडोपाडी वर्षानुवर्षं निवडून येणारी काँग्रेस तरी कुठे क्रांतिकारी होती? पाटलाच्या वाड्यावरून चालणारा पक्ष बऱ्यापैकी परंपरावादीच असतो, त्याच्या जाहीरनाम्यात काहीही छापलेलं असो.

एका वाक्यात सांगा, फायदा की तोटा?

जुन्या दिवसांचं बोललं की लोक ऐकायला थांबतात. मत मात्र ते त्यापुढे काय बोललं जातं यावर देतात.

फायदा झाल्याची उदाहरणं?

बरीच आहेत. १९८० साली रीगन यांनी अमेरिका ‘पुन्हा’ महान करण्याची भाषा वापरली आणि जिंकले. २०१६ ला ट्रम्प यांनी तीच घोषणा टोपीवर छापली आणि तेही जिंकले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये युरोपातून बाहेर पडणाऱ्यांनी ‘सूत्रं परत आपल्या हाती’ असा धोशा लावला आणि ५१.९ टक्के मतं मिळवली. जपानमध्ये आबे यांच्या पक्षाची २०१२ ची घोषणाही ‘जपान परत मिळवू’ अशीच होती. तोही पक्ष सत्तेत आला.

या सगळ्यांत एक शब्द समान आहे: परत. किंवा पुन्हा. जे गेलंय असं सांगितलं जातं, ते आपलंच होतं हे त्या शब्दात गृहीत धरलेलं असतं. त्यासाठी वेगळा पुरावा द्यावा लागत नाही.

आणि तोटा झाल्याची?

माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण बॉब डोल यांचं. १९९६ साली रिपब्लिकन पक्षाने त्यांना क्लिंटन यांच्यासमोर उभं केलं. डोल सत्तरी ओलांडलेले, दुसऱ्या महायुद्धात जबर जखमी झालेले, सचोटीचे गृहस्थ. उमेदवारी स्वीकारताना त्यांनी सांगितलं की अमेरिकेत पूर्वी शांतता होती, श्रद्धा होती. त्या काळाकडे नेणारा पूल मला होऊ द्या. त्यात खोटं काही नव्हतं, त्यांनी तो काळ पाहिला होता. क्लिंटन यांनी तोच पूल उचलला आणि उलटा फिरवला: आपल्याला भूतकाळाकडे नाही, एकविसाव्या शतकाकडे जाणारा पूल बांधायचाय. क्लिंटन यांना ३७९ निर्वाचक मतं मिळाली, डोल यांना १५९. तेव्हा अमेरिकेची अर्थव्यवस्था बरी चालली होती, त्यामुळे डोल तसेही हरले असते असं म्हणता येतं. मला तेच महत्त्वाचं वाटतं. ज्याचं आज बरं चाललंय त्याला ‘काल किती छान होता’ हे सांगून काय उपयोग?

ब्रिटनच्या हुजूर पक्षाने ही चूक दोनदा केली. १९९३ ला पंतप्रधान जॉन मेजर यांनी ‘मूळ मूल्यांकडे परत’ अशी हाक दिली. त्यानंतर त्यांच्याच खासदारांची एकेक लफडी बाहेर येत गेली आणि वर्तमानपत्रं प्रत्येक वेळी तीच घोषणा त्यांच्या तोंडावर फेकत राहिली. १९९७ ला सत्ता गेली. पुढे २०२४ च्या प्रचारात ऋषी सुनक यांनी अठरा वर्षांच्या मुलांसाठी सक्तीची राष्ट्रसेवा नव्या रूपात आणू, असं सांगितलं. ब्रिटनमधली सक्तीची लष्करभरती १९६० मध्येच थांबली होती. म्हणजे ज्या आजोबांना ती आठवत होती ते आधीपासूनच या पक्षाचे मतदार, आणि ज्या नातवांना ती करावी लागणार त्यांना विचारलंच नव्हतं. पक्ष १२१ जागांवर आला. पराभवाची कारणं अनेक होती, चौदा वर्षांच्या सत्तेचा थकवा होता, महागाई होती. तरी घरातल्यांनाच खूश करणारी घोषणा कशी दिसते, हे त्यातून कळतं.

भारतातलंही सांगतो. रामराज्य परिषदेला १९५२ च्या लोकसभेत ३ जागा मिळाल्या आणि पुढे ती विरत गेली. स्वतंत्र पक्ष खुल्या बाजाराचा, म्हणजे तेव्हाच्या मानाने पुढचं बोलणारा. पण त्याच्या व्यासपीठावर राजेरजवाडे आणि जमीनदार इतके दिसायचे की लोकांना मागचंच दिसलं. १९६७ ला ४४ जागा होत्या, १९७१ ला ८ उरल्या. समोर इंदिरा गांधी ‘गरिबी हटाओ’ म्हणत होत्या. त्याच वर्षी २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही गेले आणि फारसं कुणी रडलं नाही.

मग भाजप तर हजारो वर्षं मागे जातो. त्याला तोटा का होत नाही?

दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण अंतराचं. हजार वर्षांपूर्वीच्या सुवर्णकाळाला साक्षीदार नसतो. "असं नव्हतं बाबा, मी होतो तिथे" असं म्हणणारं कुणी सभेत बसलेलं नसतं. जवळचा भूतकाळ अडचणीचा असतो, त्यात माणसं जिवंत असतात. फिलिपिन्समध्ये मार्कोस यांनी १९७२ ला लष्करी कायदा लावला, १९८६ ला लोकांनी त्यांना घालवलं. २०२२ ला त्यांचा मुलगा त्याच काळाचं गुणगान करत राष्ट्राध्यक्ष झाला. तोवर मतदारांचा मोठा भाग असा होता की ज्यांनी ते दिवस पाहिलेच नव्हते. साक्षीदार कमी झाले की आठवणीला रंग देणं सोपं जातं.

दुसरं कारण म्हणजे भाजप नुसता मागे बघत नाही. १९९० ची रथयात्रा मंदिराची होती, पण २०१४ ची घोषणा ‘अच्छे दिन आने वाले हैं’ ही पुढची. त्याच सरकारने २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरांची यादी काढली आणि त्यात सोलापूर होतं. (स्मार्ट रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल आमच्या बैठकीत जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.) एका हातात पोथी, दुसऱ्या हातात मोबाइल. नुसती पोथी घेऊन आलेल्यांचं काय झालं ते वर आलंच. नुसता मोबाइलही चालत नाही. २००४ ला ‘इंडिया शायनिंग’मध्ये सगळं चकचकीत होतं, पण आपलं काय गेलं याची दखल त्यात नव्हती. देशात सत्ता गेली. गंमत म्हणजे सोलापूरची जागा भाजपने त्याच वर्षी जिंकली.

२०२४ ला सोलापुरात काय झालं? मंदिर तर झालं होतं.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

१९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान कुंभारीच्या रे नगरला आले. असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा तो प्रकल्प, त्यातल्या १५ हजार घरांचं वाटप होतं. प्रकल्पामागची चळवळ कम्युनिस्ट नेते आडम मास्तरांची, म्हणजे लाल बावट्याची. चाव्या दिल्या भगव्याच्या पंतप्रधानांनी. आपलं गाव असंच आहे. भाषणात ते भावुक झाले. लहानपणी आपल्यालाही असं घर मिळालं असतं तर, असं म्हणताना त्यांचा कंठ दाटला. तिथेच त्यांनी २२ तारखेला रामज्योत लावायला सांगितलं. गेलेलं बालपण, परत येणारा राम आणि हातात नव्या घराची किल्ली. स्मरणरंजन आणि उद्याचं वचन यांची इतकी नेमकी सांगड मी दुसऱ्या भाषणात पाहिलेली नाही.

जूनमध्ये निकाल लागला. सोलापुरातून काँग्रेसच्या प्रणिती शिंदे निवडून आल्या. खुद्द अयोध्या ज्यात येते ती फैजाबादची जागाही भाजपने गमावली.

म्हणजे मंदिराचा उपयोग झाला नाही का? तसं मी म्हणणार नाही. मंदिर झालं म्हणजे ते ‘परत’ मिळालं. आणि मिळालेल्या गोष्टीसाठी कुणी पुन्हा मत मागितलं की माणूस म्हणतो, हो, झालं ना, आता कांद्याचं बोला. स्मरणरंजनाची ही अडचण असते: मागणी पूर्ण झाली की धग कमी होते. शिवाय त्या वेळी मराठा आरक्षणाचा प्रश्न तापला होता, शेतमालाचे भाव पडले होते. आणि समोरूनही आठवणीचाच मारा झाला. ‘४०० पार’ झाले तर संविधान बदलतील, बाबासाहेबांनी दिलेलं नेतील, हे वस्तीवस्तीत पोचलं. पुन्हा तेच क्रियापद बघा: नेतील. फक्त कर्ता बदलला होता.

पाच महिन्यांनी विधानसभेला याच शहराच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण या तिन्ही जागा भाजपने घेतल्या. मधल्या काळात लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले होते. ‘बटेंगे तो कटेंगे’सारख्या घोषणाही होत्या, त्यांत इतिहास ठासून भरलेला होता. कशाचं किती वजन, हे मोजून सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

गिरण्यांची आठवण एवढी ताजी आहे, तर एखादा परंपरावादी पक्ष ती का उचलत नाही?

कारण साक्षीदार सभेत बसलेले असतात. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली. तिथले कामगार आज म्हातारे आहेत, पण आहेत. आमच्या बैठकीत असे एक काका येतात. एका तरुण कार्यकर्त्याने उत्साहाने सांगितलं, "काका, गिरणगावचे ते वैभवाचे दिवस आपण परत आणू." काका म्हणाले, "भोंगा आणू नको बाळा. माझी राहिलेली देणी आण." त्या पोराने चहाचे पैसे दिले आणि तो निघून गेला.

या उत्तरात सगळं आलं. काकांना गिरणी नको आहे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारा पगार, फंड, गिरणीत आहे म्हटल्यावर उधार देणारा वाणी आणि मुलाला मुलगी देणारा सोयरा, हे त्यांना हवं आहे. लोक भूतकाळाची आठवण काढतात तेव्हा बहुतेक वेळा त्या काळातल्या खात्रीची आठवण काढत असतात. पक्ष मात्र भोंग्याचं चित्र पोस्टरवर लावतो आणि खात्रीचं काहीच बोलत नाही.

आणखी एक भानगड आहे. गिरणी म्हटलं की संप आला, युनियन आली, लाल बावटा आला. ही आठवण परंपरावादी पक्षाच्या घरची नाहीच. उसनी आठवण अंगावर नीट बसत नाही.

पूर्व भागातले आमचे यंत्रमागवाले वेगळंच सांगतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान सगळ्यांना आहे, सत्कारात तीच अंगावर घालतात. "पण सत्काराला एक चादर लागते, मागावर रोज निघतात किती ते विचारा." स्मरणरंजनाने बाजारपेठ तयार होत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

चार हुतात्म्यांचं स्मरण कोणाच्या फायद्याचं?

कोणाच्याच, आणि ते बरंच आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ही चार नावं एका दमात घेतली की कुठल्याच एका पक्षाला ती पूर्णपणे आपली म्हणता येत नाहीत. म्हणून सगळे हार घालतात आणि पुढच्या कार्यक्रमाला जातात.

‘शिवशाही’ची घोषणा चालते, मग ‘पेशवाई’ची का चालत नाही?

कारण भूतकाळ सगळ्यांचा एकसारखा नसतो. १९९५ ला युतीने शिवशाहीचं राज्य आणतो म्हणून सांगितलं आणि एक रुपयात झुणका-भाकर दिली. शब्द जुना, पदार्थ जुना, पण किंमत आजच्या गरिबाच्या खिशाची. शिवाजी महाराजांच्या राज्यात आपल्याला जागा होती, असं जवळपास प्रत्येक जातीच्या माणसाला वाटतं. (आता शिवशाही म्हटलं की पोरांना एसटीची एसी बस आठवते, तो भाग वेगळा.)

पेशवाईचं तसं नाही. १८१८ हे साल घ्या. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांनी पेशव्यांच्या फौजेकडून सोलापूरचा किल्ला घेतला. कुणाला त्या सालात राज्य बुडाल्याची हळहळ वाटते. आणि त्याच वर्षीच्या १ जानेवारीसाठी लाखो माणसं कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभापुढे डोकं टेकायला जातात. एकाचं गेलं तो दिवस दुसऱ्याचा सुटकेचा. परंपरावादी पक्ष जेव्हा ‘आपले सोन्याचे दिवस’ म्हणतो तेव्हा सभेतल्या मागच्या रांगेत कुणीतरी विचारत असतं: आपले म्हणजे कुणाचे? त्या दिवसांत माझा आजा कुठे उभा होता? बायकांच्या रांगेतूनही हाच प्रश्न येतो, थोड्या हळू आवाजात. तोटा होतो तो इथे. विरोधकाच्या टीकेने होत नाही एवढा या मोठ्याने न विचारलेल्या प्रश्नाने होतो.

साखर कारखान्याची चिमणी पाडली, तो जुनं विरुद्ध नवं असाच वाद होता ना?

बाहेरच्यांना तसं वाटलं. जून २०२३ मध्ये विमानसेवेला अडथळा म्हणून सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं. पण ती चिमणी काही ऐतिहासिक नव्हती. सभासदांची भीती गाळपाची होती, उसाची होती. प्रत्येक विरोधाला ‘जुन्यात अडकलेले लोक’ म्हणून मोकळं होणं हाही एक आळसच.

यावर काही संशोधन झालंय का?

झालंय. २०१८ च्या एका युरोपीय पाहणीत ६७ टक्के लोकांनी जग पूर्वी चांगलं होतं असं सांगितलं, आणि असं म्हणणाऱ्यांचा कल उजवीकडे जास्त होता. २०१६ ला बाल्डविन आणि लामर्स यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. पर्यावरणाचा मुद्दा ‘पुढे काय होईल’ असा न मांडता ‘पूर्वी निसर्ग कसा होता’ असा मांडला, तर परंपरावादी मंडळी जास्त ऐकून घेतात, असं त्यांना दिसलं. नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा परिणाम तसा दिसला नाही. म्हणजे जुन्याचा उल्लेख हा मंत्र नाही. म्हटला की दार उघडलं, असं होत नाही.

स्मरणरंजन उजव्यांचंच असतं का?

छे. काँग्रेसवाले यशवंतरावांच्या काळात रमतात, कम्युनिस्ट मोर्च्यांच्या काळात. फरक इतकाच की त्यांचे सोन्याचे दिवस जवळचे आहेत, आणि जवळच्याचा हिशोब लोकांना तोंडपाठ असतो.

मी एका पक्षाचा कार्यकर्ता आहे. भाषणात जुन्या सोलापूरबद्दल बोलू की नको?

बोला, पण नेमकं बोला. ‘पूर्वीचं वैभव’ म्हणू नका, त्याने कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. तळ्याकाठचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा म्हणा, तिथल्या मिरवणुकीतले सात नंदीध्वज म्हणा. तिथे गावातल्या अनेक जातींना मान आहे, त्यामुळे आठवणीतून कुणी बाहेर राहत नाही. सभेतली सर्वांत म्हातारी बाई काय म्हणेल याचा आधी विचार करा, ती तिथे होती आणि तुम्ही नव्हता. आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतंय त्या वस्तीत सुवर्णकाळावर दोन मिनिटांच्या वर थांबू नका. तिथल्या बायका हंडे मोजत असतात.

ज्या पोरांनी गिरणी पाहिलीच नाही त्यांच्यावर याचा काय परिणाम होणार?

ती पोरं हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातात आणि हिंजवडीत नोकरी करतात. त्यांना गिरणी आठवत नाही, त्यांना सोलापूर आठवतं. शेंगाचटणी, कडक भाकरी, गड्ड्यातली रात्र. होफरने ज्याला आजार म्हटलं होतं ना, त्याचे खरे रुग्ण आता तेच आहेत. आमच्या बैठकीतला एक माजी विद्यार्थी तिथे सात वर्षं आहे. दर जानेवारीत येतो, होम मैदानावर फिरतो, फोटो काढतो. मी त्याला विचारलं, एखादा पक्ष म्हणाला की तुझं जुनं सोलापूर तसंच जपून ठेवतो, तर मत देशील? तो म्हणाला, "सर, तसंच ठेवलं तर मला परत पुण्यालाच जावं लागेल की." मग घड्याळ बघितलं. त्याला गाडी गाठायची होती.